द्वारा स्टेशनमास्तर, कामिसुगे

स्लाऊ, इंग्लंड, ९ फेब्रुवारी २००४

साकेत,

चिरंजीव लिहायला पेन पुढे सरकत नाही, पण आशीर्वाद आहेत असं धरून चाल.

तुझा पत्ता मला कुणी दिलेला नाही. तुझ्या आईकडे तो आहे, फोन नंबरही आहे, पण तिने तुला वचन दिलंय म्हणे. नंबर कुठे लपवलाय देव जाणे. मी तांदळाचा डबासुद्धा उपसून पाहिला. "तुम्ही काय लिहाल याचा नेम नाही," असं ती मला तोंडावर म्हणते. छत्तीस वर्षांच्या संसाराची ही कमाई.

तरी तुला शोधून काढलंच. दिवाळीत तू आईला फोटो पाठवलास, तो तिने फ्रिजवर लावलाय. तू कुठल्याशा फलाटावर उभा आहेस, अंगात तो जुना हिरवा कोट, मागे स्टेशनची पाटी. रेल्वेत जन्म गेलेला माणूस आधी पाटी वाचतो, मग पोराचं तोंड बघतो. मधोमध मोठ्या अक्षरांत जपानी, त्याखाली इंग्रजी अक्षरांत कामिसुगे. डाव्या कोपऱ्यात मागचं स्टेशन, उजव्या कोपऱ्यात पुढचं. एवढं मला पुरे होतं. लायब्ररीत कॉम्प्युटरचा एक तास बुक केला. यॉर्कशरमधल्या कुणा रिकामटेकड्या म्हाताऱ्याने जपानातल्या लहान लहान खासगी रेल्वेंची यादी करून ठेवलीय. त्यात तुझी लाइन सापडली. एकच रूळ, एका डब्याची गाडी, एकवीस स्टेशनं. कामिसुगे सतरावं.

म्हणून हे पत्र तिथल्या स्टेशनमास्तरच्या हवाली करतोय. वर इंग्रजीत चिठ्ठी जोडलीय: आपल्या स्टेशनवरून प्रवास करणाऱ्या उंच भारतीय तरुणाला कृपया हे द्यावं, मीही रेल्वेतलाच आहे. तेवढं बस्स. माझ्या स्टेशनवर रोज कोण कुठल्या गाडीला येतं, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची नोकरी गेली, सगळं मला ठाऊक असतं. तुझ्या स्टेशनमास्तरला तुझ्यासारखा सहा फुटी माणूस ठाऊक नसेल तर त्याने ती टोपी काढून ठेवावी.

मराठीत लिहितोय याला कारण आहे. इंग्रजीत तू माझ्यावर कुरघोडी करतोस. शिवाय घरातलं भांडण त्या मास्तरला वाचायला देण्याची मला हौस नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारी तुला धरून बसवून बाराखडी शिकवली ती कधीतरी उपयोगी पडू दे.

आता मुद्द्याचं. मागच्या जुलैत जाताना तू मला खोटारडा म्हणालास. स्वतःच्या बापाला, आईच्या देखत. एक वर्ष तिकडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेलास, परत आलास, इथल्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, कारखान्यांच्या वसाहतीत, चांगली नोकरी लागली, आणि तिकडे भेटलेल्या त्या चिहारुसाठी सगळं सोडून पुन्हा गेलास. तिने इथे फोन केला होता आणि तो मी उचलला होता, एवढं खरं. पण तिचं इंग्रजी कच्चं. मी काय बोललो आणि तिने काय समजून घेतलं याला मी जबाबदार नाही. तुझ्या आईला हे पटलं. तुलाच का पटत नाही?

उत्तर पाठव.

तुझा बाप


स्लाऊ, २२ मार्च २००४

साकेत,

सहा आठवडे झाले. विमानाने पत्र पोचायला आठ दिवस लागतात, मी पोस्टात विचारलंय. म्हणजे एक तर तुला लिहायचं नाही, नाहीतर तो मास्तर कामचुकार आहे. जपानची गाडी अर्धा मिनिट चुकत नाही म्हणून जग कौतुक करतं, आणि एक पाकीट खिडकीतून बाहेर द्यायला यांना दीड महिना पुरत नाही! या वेळी चिठ्ठीत जरा कडक लिहिलंय.

काल रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी जिन्यात उभा होतो. चोरून ऐकत नव्हतो, वर चाललो होतो. आई म्हणाली, "नाही रे, ते काही बोलत नाहीत." मग बराच वेळ नुसतं "हं, हं." फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात नळ सोडून रडली. नळ सोडला की मला ऐकू येत नाही असा तिचा समज आहे. मी विचारलं, पत्राचं काही म्हणाला का? तर म्हणे, "कुठलं पत्र?" आता सांग, मी तिला काय सांगू?

तिच्याशी तू दर रविवारी अर्धा अर्धा तास बोलतोस. मी फोनजवळ बसलेला असलो की तुझा फोन येत नाही आणि मी शिफ्टवर गेलो की येतो. माझं ड्यूटी-पत्रक तुला बाईसाहेबांकडून तिकडे पोचतं की काय? काल शिफ्ट ऐन वेळी रद्द झाली, म्हणून तर सापडलास.

त्या फोनचं मी नीट आठवून पाहिलं. मी म्हणालो असेन की साकेत आता इथेच राहणार आहे. असेन म्हणालो. तेव्हा तुला नोकरी लागून दोन महिने झाले होते. बापाने तेवढी आशा धरायची चोरी आहे का? यावरून ती मुलगी महिनोन्‌महिने तुझ्या ईमेलला उत्तर देत नाही, याला मी काय करू. नाजूक दिसते फार.

दोन ओळी लिही. रागाने लिहिल्यास तरी चालतील.

तुझा बाप


स्लाऊ, १४ जून २००४

साकेत,

अजून काही नाही. धन्य तू आणि धन्य तुझा मास्तर.

मी शुक्रवारी निवृत्त झालो. आई म्हणाली असेलच. तिकीट खिडकी बंद करून तिथे मशीन बसवणार आहेत, तेव्हा मी गेलो नसतो तरी खिडकी गेलीच असती. शेवटचं तिकीट एका बाईला दिलं, पॅडिंग्टनचं परतीचं. ती मोबाइलवर बोलत होती, तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी "हे माझं शेवटचं तिकीट" असं काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो. मागे सात माणसं उभी होती, राहून गेलं. मग कंपनीच्या माणसाने एक भेट-कार्ड दिलं आणि माझ्या नावाचा उच्चार तीन वेळा तीन तऱ्हांनी केला.

दुपारी हरवलेल्या वस्तूंचं कपाट रिकामं केलं. सतरा छत्र्या, एक कवळी, लहान मुलाचा एक बूट. एक पार्सल घरी आणलं, ते तुझ्या कामाचं नाही.

घरी बसून डोकं फिरायची वेळ आली आहे. सकाळी सहाला जाग येते आणि कुठे जायचं नसतं. तुझी आई म्हणते, बाग करा. बागेत काय करू, गवताला तिकिटं देऊ?

पुन्हा तोच विषय. लग्नाची गोष्ट फोनवर निघाली असेल. आईने तेव्हा पुण्याहून दोन मुलींचे फोटो मागवले होते की नाही? होते. तू हसून बाजूला सारलेस, पण फोटो घरात होते. मग लग्नाचं चाललंय असं कुणी म्हटलं तर ते अगदीच हवेतलं नाही ना? एवढंच माझं म्हणणं आहे. तू सरळ आरोपी करून टाकलंस मला.

मास्तरला या वेळी चिठ्ठी नाही. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

बाबा


स्लाऊ, ३१ ऑगस्ट २००४

साकेत,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आज जपानचं पत्र आलं. तुझं असेल म्हणून मी दारातच पाकीट फाडलं. ते कुणा मोरिताबाईंचं निघालं. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातून उचलल्यासारखं, एकही चूक नाही. त्या लिहितात की कामिसुगेला १९७१ सालापासून स्टेशनमास्तर नाही! मास्तर नाही, खिडकी नाही, हमाल नाही. एक फलाट आणि एक लाकडी वेटिंग रूम. तिकिटाचे पैसे गाडीचा ड्रायव्हरच घेतो. मोरिताबाई शेजारी राहतात आणि आपण होऊन रोज सकाळी झाडू मारतात. नसलेल्या मास्तरच्या नावाने पत्र आलं तेव्हा पोस्टमनने ते त्यांच्या हातात दिलं.

मी अख्खं आयुष्य स्टेशनात काढलं, पण माणसाशिवाय स्टेशन असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी महिनोन्‌महिने कुणावर ओरडत होतो?

पुढचं ऐक. असल्या बिनमाणसाच्या स्टेशनांवर तिकडे एक वही ठेवायची पद्धत आहे. येणारे-जाणारे तीत काहीबाही लिहितात, पाऊस आहे, गाडी चुकली, परीक्षा आहे. लांबून आलेले रेल्वेवेडे तर पानंच्या पानं लिहितात. माझ्या चिठ्ठीत "मीही रेल्वेतलाच आहे" असं होतं. बाईंना वाटलं, इंग्लंडच्या रेल्वेवाल्याने मोठ्या मनाने आपल्या स्टेशनच्या वहीसाठी लेख पाठवलाय. उंच तरुणाला द्यावं असं लिहिलं होतं, ते त्यालाही वाचायला सांगा अशी नुसती शिफारस समजून त्यांनी सोडून दिलं. त्यांनी माझी तिन्ही पत्रं वहीत चिकटवली. वर प्लास्टिक लावलं, पानं मळू नयेत म्हणून! वही बाकावर उघडी असते. शाळेच्या मुली गाडीची वाट बघताना माझी अक्षरं कागदावर गिरवतात. फोटो पाठवलाय. एकीने "खोटारडा" मोठ्या अक्षरांत फार सुबक काढलंय.

मला इतकी लाज वाटली की मी बाईंचं पत्र तुझ्या आईपासून लपवलं.

तिसऱ्या पानावर त्या लिहितात की उंच भारतीय शिक्षक रोज सकाळी सात-बाराच्या गाडीला येतात. एप्रिलमध्ये एके दिवशी ते वही वाचत उभे राहिले आणि त्यांची गाडी सुटली. पुढची तासाने होती, तीही त्यांनी सोडली. बाईंनी विचारलं, ही तुमची भाषा का? तू "हो" म्हणालास. पत्रं काढून देऊ का, असं विचारलं, तर म्हणालास, "राहू द्या. ती अजून पूर्ण झालेली नाहीत."

म्हणजे तू वाचतोयस. मी इथे पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलो, आणि तू तिथे बाकावर बसून माझ्या पत्रांना मार्क देतोयस. पूर्ण झालेली नाहीत! आणखी काय पूर्ण करायचं? तीन-तीन पानं लिहिली.

बाईंनी शेवटी कळवलंय की ती लाइन तीस नोव्हेंबरला कायमची बंद होतेय. प्रवासी नाहीत. रूळ उखडणार, वेटिंग रूम पाडणार. वही गावाच्या संग्रहालयात जाईल. मग मी तुला कुठे लिहू?

बाबा


स्लाऊ, १० ऑक्टोबर २००४

साकेत,

आज वाद घालत नाही.

गेल्या रविवारी तुझा फोन झाल्यावर आई माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "त्या मुलीला अजून वाटतं, आपल्या साकेतचं खरंच लग्न ठरलं होतं. इकडचं मोडलं म्हणून तो तिच्याकडे गेला, असं तिच्या घरचे म्हणतात. हा सांगतो, बाबा खोटं बोलले. ती म्हणते, कुठला बाप असं खोटं बोलेल? सव्वा वर्ष झालं, दारातून परत पाठवतात त्याला. आणि तुम्ही म्हणता तिचं इंग्रजी कच्चं. अहो, ती तर शाळेत इंग्रजी शिकवते!"

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

मग तिला सांगितलं ते तुलाही सांगतो.

२००२ चा नोव्हेंबर, रविवारची सकाळ. तू केस कापायला गेला होतास. फोनवर ती फार आनंदात होती. तिला इथल्या एका कॉलेजात वर्षभराच्या कोर्सला जागा मिळाली होती आणि ते आधी तुलाच स्वतः सांगायचं होतं तिला. म्हणजे ती इकडेच येणार होती. मला मात्र एवढंच दिसलं की एका वर्षाने ती तुला घेऊन परत जाईल. मी म्हणालो, "साकेतचं लग्न ठरलंय. मुलगी पुण्याची आहे. जानेवारीत लग्न. पुन्हा फोन करू नका." मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. पण ती म्हणाली, "अभिनंदन. त्याला माझ्याकडून सांगाल ना?" स्वच्छ इंग्रजी होतं तिचं. मी "हो" म्हणालो.

समजण्यात काहीच चूक झाली नव्हती. शब्द न्‌ शब्द मी जाणूनबुजून बोललो.

जानेवारीत तिने लग्नाची भेट पाठवली. लाखेने चकचकीत केलेल्या चॉपस्टिकच्या दोन जोड्या, एक लांब, एक जरा आखूड, नवऱ्याची नि बायकोची. पोस्टमन आला तेव्हा मी घरात होतो. पार्सल स्टेशनवर नेलं, हरवलेल्या वस्तूंची चिठ्ठी लावली आणि कपाटात सगळ्यात मागे ठेवलं. जून महिन्यात घरी आणलं. हे तुला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. या पत्रासोबत पाठवतोय.

शेवटी तिच्या एका ईमेलमधून तुला सगळं कळलं, आणि जाण्याआधी तू माझ्यापुढे उभा राहून म्हणालास, "बाबा, फक्त तिला फोन करून खरं काय ते सांगा. मी दुसरं काही मागत नाही." आणि मी म्हणालो, "मी असं बोललोच नाही." ते पहिल्या खोट्याहून वाईट होतं. पहिलं एका दमात निघून गेलं. दुसरं मी तुझ्या डोळ्यांत बघून बोललो.

का, म्हणून विचारशील. मला तू घरात हवा होतास. संध्याकाळी दारात तुझे बूट दिसायला हवे होते. परकी मुलगी, तिचा देश, लोक काय म्हणतील, हेही मनात होतं, नव्हतं असं म्हणणार नाही. पण मुख्य म्हणजे बूट.

हे सगळं मराठीत लिहून चिहारुला काय उपयोग, हे मला आईने सांगायला लागलं नाही. सोबत इंग्रजीत एक पान आहे, मोठ्या अक्षरांत, खाली सही, पूर्ण नाव, पत्ता. ते मोरिताबाईंनी वहीत पहिल्या पानावर लावावं, असं त्यांना कळवलंय. तिच्या घरचे, शाळेच्या मुली, फोटो काढायला येणारे, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. मी त्यात लिहिलं होतं, "दुर्दैवाने एक गैरसमज निर्माण झाला." आईने कागद ओढून घेतला, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, "मी खोटं बोललो." मी पुन्हा स्वच्छ कागदावर उतरवून काढलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवण टेबलावर असतं, ती नसते.

नोव्हेंबर संपायच्या आत हे पोचलं पाहिजे. रजिस्टर करून पाठवतोय.

बाबा


साकेत,
द्वारा श्रीमती ओगुरा, वरचा मजला,
मियाबारा गाव, पोस्ट ऑफिससमोर

५ डिसेंबर २००४

बाबा,

खूप दिवसांनी मराठी लिहितो आहे, चुका होतील.

मंगळवारी लास्ट ट्रेन गेली. स्टेशनवर खूप मोठा गर्दी होता, टीव्हीवाले पण आले. ड्रायव्हरने ग्लव्हज काढून सगळ्यांना बो केलं. मोरिता-सान रडल्या आणि नंतर तरी झाडू मारला.

तुमचं पान जवळजवळ सहा आठवडे पहिल्या पेजवर होतं. पुष्कळ लोकांनी वाचलं. माझ्या स्कूलच्या मुलांनी वाचलं, हेडमास्तरने वाचलं. मला स्टाफरूममध्ये कोणी काही विचारलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. मला खूप लाज वाटली, बाबा. तुमच्यासाठी पण वाटली.

त्याच्या आधीच्या शनिवारी चिहारु आणि तिची आई वेटिंग रूममध्ये आल्या. मोरिता-सानने त्यांना बोलावलं, मी नाही. चिहारुने पान वाचलं, मग परत वाचलं, मग आईला जॅपनीजमध्ये वाचून दाखवलं. तिचा आवाज एका ठिकाणी थांबला, जिथे तिने तुम्हाला काँग्रॅच्युलेशन्स म्हटलं तिथे. तिची आई मला म्हणाली, थंडी आहे, घरी चला. मी पहिल्यांदा त्यांच्या घरात गेलो. अजून लग्नाचं काही बोलणं नाही. चिहारु मला म्हणाली, दोन वर्षं मी तुला खोटा समजत होते, आता मला परत शिकायला लागेल.

वही म्युझियमला देताना मोरिता-सानने मला विचारलं, तुमच्या वडिलांची पानं काढू का? मी नको म्हटलं. ती आता तिथेच राहणार.

आईला मी फोनवर सांगितलं की तुमच्याशी बोल. ती म्हणाली, बघू.

तुम्ही विचारलं होतं की मी उत्तर का दिलं नाही. ती पत्रं स्टेशनमास्तरला होती. मी रोज तिथे उभा राहून दुसऱ्या लोकांसारखा वाचत होतो, आणि दर वेळी वाटायचं, आता खरं लिहितील, आता लिहितील, आणि गाडी यायची.

माझा पत्ता वर लिहिला आहे. तो तुम्हाला देऊ नको असं आईला मीच सांगितलं होतं, तिच्यावर रागावू नका. माझा राग गेला नाही आहे. किती दिवस राहील मला माहीत नाही.

पुढचं पत्र इंग्लिशमध्ये लिहा. चिहारु पण वाचणार आहे.

साकेत